गोदामात ठेवलेले पाय

क्लबच्या अध्यक्षपदाचं माझं वर्ष संपून आता दोन वर्षं होत आली. तरी अधूनमधून कुणीतरी दुकानात येतं, खुर्ची ओढून बसतं आणि म्हणतं, "शेठ, तुमच्या सालात जे काम झालं ते पुन्हा झालं न्हाई बघा." मी चहा सांगतो आणि पावसाचा, नाहीतर सोयाबीनच्या भावाचा विषय काढतो. माणसाला वाटतं, किती नम्र आहे हा. ते तसं नाही. ते वर्ष कसं गेलं ते मला माहीत आहे, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती एकदा नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी मूळचा आष्टीचा. घर शेतकऱ्याचं. थोरला भाऊ शेती बघतो, मी तरुणपणी जालन्याला आलो आणि मस्तगडात मोटारपंप आणि पाइपांचं दुकान टाकलं. खाली दुकान, मागच्या बाजूला गोदाम, वर आम्ही राहतो. क्लबात मला एका डॉक्टरांनी नेलं. त्यांच्या विहिरीवरची मोटार मी बसवून दिली होती, तेवढीच ओळख. आमचा क्लब म्हणजे डॉक्टर, वकील, बियाण्यांच्या कंपन्यांचे मालक, लोखंडाचे कारखानदार. दर महिन्याला बैठक, वर्षातून चार-सहा शिबिरं, शाळेत वह्या, उन्हाळ्यात पाणपोई. मी अकरा वर्षं मागच्या रांगेत बसलो. सतरंज्या उचलल्या, माइकवाल्याला फोन केले, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं. बोलायची वेळ आली की गप्प राहायचो, कारण माझ्या तोंडून "न्हाई" आणि "मंग" निघायचं आणि कुणीतरी गालात हसायचं.

बाराव्या वर्षी मला अध्यक्ष केलं. जुलैत पदग्रहण झालं. गळ्यात ती जाड फीत पडली, जिच्यावर आधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या नावांच्या पितळी पट्ट्या असतात. समोर बायकोचे डोळे भरून आले होते. भाऊ मात्र आला नव्हता. पेरणी राहिली होती. मला ते फार लागलं. त्याच दिवशी मनाशी ठरवलं की वर्षात एक तरी कार्यक्रम असा करायचा की आष्टीहून जीप भरून माणसं येतील आणि आपल्याला स्टेजवर बघतील. हे मी कुणाला बोललो नाही. सगळ्यांना सांगितलं की अपंगांसाठी काहीतरी करायची इच्छा आहे. तेही खोटं नव्हतं. दुकानात कुबडी घेऊन येणारे शेतकरी मी पाहत होतोच.

कृत्रिम पाय बनवणारी बाहेरगावची एक संस्था होती. त्यांचे कारागीर येऊन मापं घेणार, पाय बनवून पाठवणार आणि पुन्हा येऊन बसवून देणार, असं ठरलं. गणपती उठल्यावर एका मंगल कार्यालयात मापाचं शिबिर ठेवलं. एकतीस माणसं आली.

जिच्यामुळं हे सगळं सांगतोय, ती बाई त्या एकतीस जणांतली. जाफराबादच्या पुढच्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती. वय चाळिशीच्या आत-बाहेर. अंगावर निळी साडी, खांद्याला कापडी पिशवी, दोन्ही काखांत कुबड्या. बरोबर तिची जाऊ होती. दोघींचं इतकं मेतकूट, की एक वाक्य एकीनं सुरू करायचं आणि दुसरीनं संपवायचं. नावनोंदणीच्या टेबलावर मीच बसलो होतो.

"काम काय करता, ताई?"

"शाळेत पोरांची खिचडी शिजवते," ती म्हणाली.

"शिजवत होती," जाऊ म्हणाली. "आता मी शिजवून राह्यले. तिच्या बदली."

उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती. तिचा डावा पाय खाली सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा मोलमजुरी करतो, मुलगी दहावीला. बाबासाहेबांच्या मागं गेलेल्या घरातली ती. सासऱ्यांनी वाडीत पहिली शिकलेली सून आणली म्हणून सगळीकडं सांगितलं होतं, असं जाऊच कौतुकानं बोलली. सातवी पास होती, म्हणून शाळेच्या समितीनं खिचडीचं काम तिला दिलं होतं.

"समितीवाले म्हणले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघतो," ती म्हणाली. "शाळा उघडायच्या दिवशी पायावर उभी असशील तर काम तुझं. मोठी भगुनी उचलावी लागतात, भाऊ. कुबड्या घेऊन ते व्हायचं न्हाई, त्यांचं बी बराबर हाय."

मी म्हणालो, "दिवाळीच्या आधी पाय बसलेला असंल. माझा शब्द."

तिच्या पायाचं माप घेणारा कारागीर पन्नाशीचा, अबोल माणूस होता. प्लास्टर गुंडाळता गुंडाळता त्यानं मला बोलावून सांगितलं, "हिचा पाय नवा कापलेला आहे. असा पाय महिन्या-महिन्याला बारीक होत जातो. आजचं माप फार दिवस चालणार नाही. पाय आले की मला लगेच बोलवा." मी मान हलवली. मला ते पक्कं आठवतं, म्हणून लिहितो. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दसऱ्याच्या आसपास पाय आले. लांबट खोकी, प्रत्येकावर नाव आणि गावाची चिठ्ठी. गोदामात पाइपांच्या भेंडोळ्यांजवळ जागा करून मी ती स्वतः लावली. कारागिराचा फोन आला, "परवा येऊ का?" मी म्हणालो, "थांबा, कार्यक्रमाची तारीख ठरवून सांगतो."

तारीख प्रांतपालांची हवी होती. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या कितीतरी क्लबांचे वरचे प्रमुख. त्यांच्या हस्ते झालं तर वर्षअखेरीला बक्षिसासाठी नाव पुढं जातं. त्यांनी दिवाळीनंतरची, नोव्हेंबरच्या मधली तारीख दिली.

आमचे सचिव निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "अध्यक्ष, ज्यांची नड आहे अशा चार-पाच जणांना आधी बसवून देऊ. बाकीचे स्टेजवर देऊ."

"एकाला दिला की सगळे मागतील," मी म्हणालो. "मंग प्रांतपालांच्या हातानं काय रिकामी खोकी वाटायची?"

 मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चष्मा पुसला.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना ती दुकानात आली. दुपारची वेळ होती आणि रस्त्यावर आकाशकंदील आणि रांगोळीच्या गाड्यांची गर्दी होती. त्या गर्दीतून कुबड्या टेकत ती आमच्या पायऱ्यांपाशी उभी राहिली. तीन पायऱ्या आहेत. मी खाली उतरायच्या आत ती चढून आली होती. या वेळी एकटीच होती.

"भाऊ, पाय आलेत असं कळलं. आमच्याकडच्या एकाला फोन आल्ता क्लबातून."

"आलेत," मी म्हणालो. "पण बसवणारे कारागीर दिवाळीमुळं यायला तयार न्हाईत. मी रोज फोन करून राह्यलो."

हे वाक्य मी सहज बोललो. आधी ठरवलंही नव्हतं. त्याच्या आदल्याच दिवशी कारागिराचा तिसरा फोन येऊन गेला होता आणि तो म्हणाला होता, "शेठ, दिवाळीतला एक दिवस मोडून येतो, मला काही अडचण नाही."

 मी स्टूल पुढं केलं, त्यावर ती बसली. "दिवाळी झाल्यावर दुसऱ्या सोमवारी शाळा उघडते," ती म्हणाली. "त्याच्या आत होईल का?"

"बघतो ना. प्रयत्न करतो."

"मंग एक करा भाऊ. मला नुस्ता बघू द्या. कसा हाय ते बघते आणि जाते."

तिचा पाय माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडं होता. वीस पावलांवर. वरून तिसऱ्या रांगेत, चिठ्ठी बाहेरच्या बाजूला.

"खोकी सील केलेली हायेत," मी म्हणालो. "उघडता येत न्हाईत."

ती म्हणाली, "असं का. बरं."

मग मला वाटलं की हिच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे. म्हणून मी क्लबच्या छापील कागदावर शाळेच्या समितीला पत्र लिहिलं. सदर महिलेस लवकरच कृत्रिम पाय देण्यात येणार असून तोपर्यंत सहानुभूतीनं विचार व्हावा, वगैरे. खाली सही, शिक्का. ते तिनं दोनदा वाचलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि ती पिशवी कापडी पिशवीत. "उपकार झाले," म्हणाली. पायऱ्या उतरताना मी हात दिला तर म्हणाली, "असू द्या, सवय झाली."

बायको जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाई गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, सील कुठंय? परवा तर तुम्ही पाहुण्यांना उघडून दाखवले."

"तुला त्यातलं कळत न्हाई."

"मला एवढं कळतं की ती बाई एसटीनं एवढ्या लांबून आल्ती. देऊन टाका तिला. आत्ता मोटारसायकल काढली तर स्टँडवर गाठाल."

"एकटीला दिला आणि बाकीच्या तीस जणांनी बोंब मारली तर? अध्यक्ष मी हाय की तू?"

ती वर निघून गेली. त्या दिवाळीत ती माझ्याशी हसून बोलली, फराळ केला, पाहुण्यांचं सगळं पाहिलं. फक्त क्लबाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

नोव्हेंबरची तारीख प्रांतपालांनी रद्द केली. घरात लग्न होतं. पुढची तारीख डिसेंबरची मिळाली. शाळा मधल्या काळात उघडून गेली. मला त्या दिवशी आठवण झाली होती. सकाळी दाढी करताना आज तिची शाळा उघडली असेल असं मनात आलं, आणि पत्र दिलंय ना आपण, असं म्हणून मी तोंड धुतलं.

डिसेंबरातला तो कार्यक्रम जालन्यात अजून लोकांच्या लक्षात आहे. मोठा मंडप होता, पाठीमागं पडदा आणि त्यावर माझा फोटो. आष्टीहून खरोखर जीप भरून माणसं आली. भाऊ नवं धोतर नेसून आला आणि पहिल्या रांगेत बसला. कारागीर सकाळीच आले होते. मंडपामागच्या खोलीत एकेकाला पाय बसवणं चाललं होतं. मी फेटा बांधून तिथं डोकावलो, तर तो अबोल कारागीर उठून माझ्याकडं आला.

"शेठ, मी काय सांगितलं होतं? बघा या बाईचा पाय. वाटीत दोन बोटं जातात."

ती बाकावर बसली होती. गुडघ्याखालचा उरलेला पाय बारीक झाला होता. तो ज्या वाटीत बसायचा, ती सैल पडत होती. उभं राहिलं की आत घसरायचा आणि हाड टेकायचं.

"आज काही करता येईल का?"

"मोजे चढवतो जाड. पण ते चालणं खरं नाही. घासेल, जखम होईल."

"आजच्यापुरतं करा," मी म्हणालो.

बाहेर माइकवर माझं नाव पुकारत होते. मी गेलो.

सगळे जण एकामागून एक स्टेजवर आले. ती सव्विसावी की सत्ताविसावी होती. प्रांतपालांनी तिला शाल दिली आणि म्हणाले, "चालून दाखवा, ताई." ती स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. कुबड्यांशिवाय. आठ-दहा पावलं असतील. मंडपातले लोक उठून टाळ्या वाजवू लागले. भाऊ डोळे पुसत होता. मी तिच्या अगदी जवळ उभा होतो, म्हणून मला दिसलं की तिचा खालचा ओठ दाताखाली होता आणि कपाळावर घाम होता. डिसेंबरात. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. मी टाळ्या वाजवत होतो.

जेवणाच्या वेळी ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी दिसली. पाय काढून पिशवीत ठेवला होता, काखेत कुबड्या. मी जवळ गेलो.

"काम गेलं, भाऊ," ती म्हणाली. "जावेला दिलं. कायमचं."

"पत्र दाखवलं होतं ना?"

"दाखवलं."

"मी बोलतो त्यांच्याशी. काहीतरी करू आपण. बिलकुल काळजी करू नका."

तेवढ्यात भावानं हाक मारली. आष्टीच्या सगळ्या मंडळींना माझ्याबरोबर फोटो काढायचा होता. मी "आलोच" म्हणून गेलो. परत आलो तेव्हा ती स्टँडकडं निघून गेली होती.

मी समितीशी बोललो नाही. जानेवारीत रक्तदान होतं, फेब्रुवारीत शाळांच्या स्पर्धा, मार्चमध्ये दुकानाचा हंगाम. असं म्हणतो, पण खरं कारण ते नव्हतं. तिचा चेहरा समोर आला की मी दुसरं काम हातात घेत होतो. मे महिन्यात मोठ्या मेळाव्यात आमच्या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. पडद्यावर जो फोटो दाखवला तो तिचाच होता. स्टेजवर चालतानाचा, शाल खांद्यावर, मागं मी टाळ्या वाजवतोय. मोठ्या पडद्यावर तिचा दाताखालचा ओठ इतका स्पष्ट दिसत होता की मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. शेजारचा म्हणाला, "काय समाधान आहे हो बाईच्या चेहऱ्यावर." मी बक्षीस घेतलं.

जूनअखेर गळ्यातली फीत नव्या अध्यक्षांच्या गळ्यात गेली. जुलैत मी तिच्या गावाला गेलो. त्याआधी तीनदा निघालो होतो. एकदा तर जाफराबादपर्यंत जाऊन एका दुकानदाराकडं चहा पिऊन परत आलो.

दोन खोल्यांचं घर, भिंतीला भिंत लागून जावेचं घर. ती ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. बसल्या जागी होणारं तेवढंच काम तिच्याकडं उरलं होतं. मला बघून उठायला लागली. मी म्हणालो, बसा. मुलीनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. पाय कुठं आहे ते मी विचारलं. तिनं वर बोट दाखवलं. फळीवर, डब्यांच्या शेजारी, पिशवीत बांधून ठेवला होता.

"दोन महिने घातला," ती म्हणाली. "जखम झाली, पू झाला. मंग डॉक्टर म्हणले घालू नका."

चहा संपला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. खोकी सील नव्हती. कारागीर दिवाळीत यायला तयार होते. मीच थांबवलं त्यांना. कार्यक्रमासाठी."

तिची सुई चालत राहिली. एक टाका, दुसरा टाका.

"मला माहीत हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्याच कारागिरानं. मोजे चढवून राह्यला होता तव्हा. म्हणला, बाई, मी तीनदा फोन केल्ता, मला दोष देऊ नको."

म्हणजे स्टेजवर ती चालली तेव्हा तिला सगळं माहीत होतं.  मी म्हणालो, "मंग तुम्ही चाललात कशाला? तिथंच सांगायचं ना, माइक होता समोर."

"सांगणार होते," ती म्हणाली. "खोलीतून निघाले तव्हा तसंच ठरवून निघाले होते. मंडपाच्या बाजूला रांगेत बसवलं आम्हाला. तिथं धोतरवाला एक म्हातारा माणूस पाणी वाटून राह्यला होता. मला तांब्या दिला, माझी कुबडी धरून उभा राह्यला. म्हणला, अध्यक्ष माझा धाकटा भाऊ हाय, लहानपणी मी खांद्यावर घेऊन त्याला शाळेत सोडायचो. लई खूश होता तो. मंग माझ्यानं झालं न्हाई."

 तिनं दोरा दातानं तोडला.

"मला माफ करा," मी म्हणालो.

तिनं सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटून राह्यलं ते बराबर हाय. वाटू द्या. मी माफ केलं म्हणले तर ते तोंडानं म्हणणं होईल, भाऊ. ही बाजूला माझी जाऊ राहते. सहा महिने झाले, बोलत न्हाई आम्ही. ती सकाळी शाळेत जाते, मी इथून बघते. तिचं काय चुकलं? माझं काय चुकलं? पर बोलणं होत न्हाई."

मी निघालो तेव्हा जाऊ तिच्या दारात उभी होती. मला रस्त्याच्या कडेला घेऊन म्हणाली, "साहेब, मी मागितलं नव्हतं काम. समितीवाले म्हणले, तू करतीस तर कर, न्हाईतर तिसरी ठेवतो. मी न्हाई म्हणले असते तरी तिला मिळालं नसतं. हे तिला तुम्ही सांगा ना. माझं ऐकत न्हाई ती." मी परत ओसरीवर गेलो आणि सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "हं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या समितीकडं गेलो. जे सात महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते. ते लोक सरळ होते. म्हणाले, आता जावेचं नाव लागलंय, तिला काढायचं कोणत्या कारणानं?  एकीचं काम परत मिळवायचं तर दुसरीचं घालवावं लागणार होतं.

पाय मात्र दुसरा झाला. मी तिला संस्थेच्या कारखान्यात घेऊन गेलो. नवं माप घेतलं आणि त्याच आठवड्यात बसवला. तोच कारागीर होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, सगळं तिच्याशीच बोलला. आता ती चांगली चालते. गोधड्यांचं गाठोडं घेऊन जाफराबादच्या बाजाराला जाते. जावेशी बोलणं सुरू झालं की नाही ते मी विचारलेलं नाही. मला तो अधिकार नाही असं वाटतं.

त्या पावसाळ्यात क्लबाच्या एका बैठकीत नव्या अध्यक्षांनी मला अनुभव सांगायला उभं केलं. मी ठरवून सगळं सांगितलं. खोकी, फोन, सील, तिची शाळा, सगळं.  संपलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. एक जण म्हणाला, "एवढं मोठं मन लागतं चूक कबूल करायला." दुसऱ्यानं पाठीवर हात ठेवला, "अहो, तीस जण तर चालले ना!" मी त्या टाळ्यांत उभा होतो आणि मला परत त्या मंडपात उभं असल्यासारखं वाटत होतं. मास्तर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. बाहेर पडताना म्हणाले, "त्या दिवशी मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. एकदाच म्हणालो आणि गप्प बसलो."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी पण जिन्यात उभीच राहिले. गोदाम काय मला उघडता येत नव्हतं? तुम्ही दुकानात असताना मागच्या दारानं जाऊन खोकं आणून तिच्यासमोर ठेवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मी म्हणालो, काही केलं नसतं. "तेच," ती म्हणाली. "ते मला तेव्हाच माहीत होतं."  माझ्या एका खोट्यात मी किती जणांना भागीदार करून ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

भावाला अजून सांगितलेलं नाही. त्याचं वय झालंय, असं मी स्वतःला सांगतो.

गेल्या महिन्यात जाफराबादकडच्या त्या ताईचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदाच. त्यांच्या शेजारच्या गावातल्या एका विधवा बाईचा पाय साखरेच्या आजारानं काढला होता.

"क्लबाला करायचं का?" मी विचारलं.

"नको. तुम्हाला सांगून राह्यले. किती दिवसांत होईल ते सांगा."

मी म्हणालो, "माप घेतल्यावर पंधरा दिवस."

"बरं. मी दिवस मोजते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभं राहून कारागिराला फोन लावला. त्या बाईला मी स्वतः घेऊन गेलो, बसवायच्या दिवशीही गेलो. तेराव्या दिवशी ती पायावर उभी राहिली. खोलीत आम्ही चौघंच होतो, ती, तिचा भाचा, कारागीर आणि मी. भाच्यानं खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही पण उभे राहा बाजूला, फोटो काढतो."

मी म्हणालो, "तिचा एकटीचा काढ," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो.